दोन बोटांची फट

मंडळात त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं. बेचाळीस वर्षं गवंडीकाम करून निवृत्त झाला, त्यालाही सहा वर्षं उलटली, तरी खिशात ओळंबा असायचाच. पितळेचा, अंगठ्याएवढा, दोरी गुंडाळलेला. कुणाकडे चहाला गेला तरी दाराची चौकट सरळ आहे का ते आधी बघायचा, मग बसायचा. चौकट कललेली असली तर चहा अर्धाच प्यायचा.

आकाश बघायचा नाद त्याला निवृत्तीनंतर लागला. आयुष्यभर मान खाली घालून फरशी बसवली होती. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ वर बघत जा. डॉक्टरांच्या मनात घरातलं छत होतं. हा गच्चीवर गेला. तिथे त्याला दिसलं की वर एवढा मोठा पसारा आहे आणि त्यात कुठेही कुणी घिसाडघाई केलेली नाही. ज्या तारखेला जे उगवायला हवं ते त्याच तारखेला, ठरल्या जागी उगवतं. असं काम करणारा माणूस त्याला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. स्वतःला सोडून.

वाचनालयाच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ जमायचं. आठनऊ माणसं. अध्यक्ष म्हणजे एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. देह भारदस्त, आवाज त्याहून. औषधाच्या दुकानाचे मालक खजिनदार. त्यांना सगळे औषधवाले म्हणत. आणि खालच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, ज्यांच्याकडे गच्चीची किल्ली होती आणि म्हणून सगळी कामंही. पहिली तीन वर्षं मंडळाकडे काहीच नव्हतं. माणसं चटईवर पाठ टेकून पडायची, बोट दाखवायची, भांडायची. "तो बघा, तो!" "कोणता तो?" "अहो, माझ्या बोटाच्या टोकाला!" "तुमच्या बोटाच्या टोकाला पाण्याची टाकी आहे." अशा भांडणातच ओळंब्याला दीडशे तारे पाठ झाले.

मग मंडळाने दुर्बीण घ्यायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून वर बघणं बंद झालं. सगळे माहितीपत्रकात बघू लागले.

दुर्बीण मोठी होती. तिला तीन पायांचं तिकाटणं चालणार नव्हतं, पक्का खांब हवा होता. अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, खांबाचं तुमच्याकडे."

"दिलंत ना? मग आता सूचना करायच्या नाहीत," ओळंबा म्हणाला.

सूचना बाईंनी केली. त्यांनी कंपनीकडून आधीच मागवलेलं दुर्बिणीचं पुस्तक पानन् पान वाचून एक आराखडा काढला. गच्चीवर स्लॅबच्या वर, विटांच्या ठोकळ्यांवर उचलून फरशी बसवलेली होती, म्हणजे पावसाचं पाणी खालून वाहून जावं आणि उन्हाचा ताप खाली उतरू नये. बाईंचं म्हणणं असं, की खांब या फरशीवर उभा करायचा नाही. फरशीला गोल भोक पाडून तो थेट इमारतीच्या कॉलमच्या माथ्यावरून वर आणायचा. इथवर ओळंब्याला सगळं पटलं. पण खांब आणि फरशी यांच्यामध्ये आराखड्यात एक रिकामी फट होती. बाजूला लिहिलं होतं, "फट दोन बोटं. सगळीकडून मोकळी ठेवावी." खाली दोन रेघा.

ओळंब्याने ते वाचलं आणि मनात म्हटलं, बाई पुस्तकातल्या. काम कागदावर संपतं असं त्यांना वाटतं.

खांब त्याने एकट्याने उभा केला. सळ्या बांधल्या, साचा उभा केला, माल कालवला, ओतला, ठोकून बसवला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने वाळूची घमेली तीन जिने चढवून नेली, बावीस खेपा. मदतीला येऊ का, असं दोघांनी विचारलं. त्यांचे हात बघून तो नको म्हणाला. साचा काढला तेव्हा खांब असा निघाला की त्यात तोंड दिसावं. ओळंबा चारी बाजूंनी सोडून पाहिला. केसाचा फरक नव्हता.

मग त्याची नजर खाली गेली. खांबाभोवती ती फट. फोडलेल्या फरशीच्या कडा, आत अंधार, सिमेंटचा चुरा, आणि एवढ्यात कुठून तरी येऊन पडलेलं वाळकं पान.

तो घरी गेला. नीट जेवला नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काम उघडं टाकून आलोय."

"संपलं म्हणाला होतात ना?"

"त्यांच्या दृष्टीने संपलंय."

बेचाळीस वर्षांत त्याला जेवढ्या शिव्या बसल्या त्या सगळ्या फटीवरून. तरुणपणी वस्ताद फटीत नख घालून बघायचा आणि नख शिरलं की आख्खी ओळ उचकटायला लावायचा. त्या माणसाला जाऊन तीस वर्षं झाली. तरी अजून फट दिसली की ओळंब्याच्या कानशिलाशी गरम व्हायचं.

दुसऱ्या दिवशी किल्ली हातात होतीच. त्याने खालून आधार दिला, पक्का माल भरला, वर फरशीचे तुकडे बसवले. खांब गोल, म्हणून प्रत्येक तुकडा आतून बाकदार घासायचा. चौदा तुकडे. कानशीने, हाताने, एकेक तुकडा पाऊण तास. सांध्यात नख काय, कागद शिरला नसता. वर ओलं गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. बायकोला मुद्दाम गच्चीवर नेऊन दाखवलं.

"छान," ती म्हणाली. "पण त्यांनी मोकळी ठेवा असं लिहिलंय ना कागदावर?"

"लिहितात."

अध्यक्ष एकदा डोकावले. खांबाभोवती फिरले. "वा, मिस्त्री! जमिनीतून उगवल्यासारखा दिसतोय. एकजीव!" ओळंब्याला आयुष्यात इतकं बरोबर कौतुक मिळालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी औषधवाल्यांनी मंडळाला हिरवं जाड रबरी जाजम भेट दिलं, खांबापुरतं गोल कापलेलं, पाय घसरू नयेत म्हणून. सांधा त्याखाली गेला. ओळंब्याला वाईट वाटलं.

दुर्बीण आली तो रविवार मंडळाच्या इतिहासात लिहिला गेला. अक्षरशः, कारण अध्यक्षांनी वही आणली होती. खोकी सात. प्रत्येक खोकं उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर फोटो. आतला थर्माकोल कुणी टाकू दिला नाही. बाई पुस्तक मांडीवर घेऊन एकेक स्क्रू आवळत होत्या आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. औषधवाल्यांनी स्वतःच्या खिशातून पाच आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, घेतले होते. ते त्यांनी मखमलीच्या पेटीतून काढून एकेकाच्या हातात दिले आणि लगेच परत घेतले.

"याचं वजन बघा! सातशे ग्रॅम!"

"अरे बापरे. दिसतं कसं यातून?"

"दिसण्याचं सोडा हो. कोटिंग बघा. जांभळं!"

त्या संध्याकाळी चंद्र आठ दिवसांचा होता. सगळ्यांनी पाळीपाळीने डोळा लावला. अध्यक्ष म्हणाले, कडा स्वच्छ आहे. औषधवाले म्हणाले, रंग फुटत नाहीये. तिसरा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या दुर्बिणीत रंग फुटतो. चंद्राबद्दल कुणीच काही बोललं नाही. ओळंब्याची पाळी शेवटी आली. त्याने डोळा लावला. एका खड्ड्याची भिंत, तिच्या सावलीत एक टोक, टोकावर ऊन. तो श्वास रोखून राहिला. तेवढ्यात चंद्र थरथरला, पाण्यात पडल्यासारखा, आणि हळूहळू स्थिर झाला.

"हलतोय," तो म्हणाला.

"हवा," अध्यक्ष म्हणाले. "वरच्या थरातली हवा अस्थिर आहे."

पुढचे दोन रविवार हवा अस्थिर राहिली. नंतर खालच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक आले. मग वारा आला. वाऱ्यासाठी औषधवाल्यांनी कापडी आडोसा मागवला. आडोसा वाऱ्याने उडून शेजारच्या गच्चीवर गेला आणि तो आणण्यात एक संध्याकाळ गेली. गुरू दिसायचा, त्याचे चार चंद्र दिसायचे, आणि मग पाचही जण एकदम उड्या मारायचे. मंडळ नेटाने कारणं शोधत होतं. प्रत्येक कारणाला बाजारात काही ना काही उपाय मिळत होता, त्यामुळे उत्साह मावळत नव्हता.

सहाव्या रविवारी अध्यक्षांना खरं कारण सापडलं. "जोडणी," ते म्हणाले. "बाई, स्क्रू तुम्ही आवळलेत. पुस्तक वाचून यंत्र जोडता येत नाही. अनुभव लागतो."

"सर, मी तीनदा तपासलंय," बाई म्हणाल्या.

"तपासून हलतंय म्हणजे काय ते समजा. पुढच्या रविवारी सभा घेऊ. दुर्बिणीची जबाबदारी औषधवाल्यांकडे देऊ, जोडणी सदोष होती असं वहीत नोंदवू, विषय संपला. तुमच्यावर रोख नाही हं."

बाईंनी मान हलवली. चार वर्षं त्या माणसांच्या चटया झटकत होत्या, सतरंज्या आत घेत होत्या, आणि दुर्बीण हे पहिलं काम होतं जे त्यांना आवडून करायला मिळालं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

ओळंबा खांबाशी स्टूल टाकून बसला होता. तळहात सहज खांबावर होता. औषधवाले आपली मखमली पेटी घेऊन जिन्याकडे निघाले, आणि त्यांच्या एकेका पावलाबरोबर खांब हाताला ठण ठण लागला. ते थांबले, खांब थांबला. ते निघाले, खांब निघाला.

ओळंब्याने हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा.

त्याला समजावून सांगायला कुणाची गरज नव्हती. फरशी ठोकळ्यांवर, माणूस चालला की ती दबते, हलते. खांब कॉलमवर, तो हलायचं कारण नाही. मध्ये कुणी दोघांना एकमेकांत घट्ट गुंफलं असेल तर मात्र आहे. चौदा तुकड्यांनी. नख शिरणार नाही असं. एकजीव.

घरी येऊन त्याने बाईंचा आराखडा काढला. त्या दोन रेघांकडे बघत बसला.

"त्यांनी मोकळी ठेवा असंच लिहिलं होतं ना?" बायको म्हणाली.

"तेव्हा एकदा बोललीस ना? झालं."

"मी आपलं आठवण केली."

त्याला चीड आली ती या गोष्टीची, की सुटका सोपी होती. सांधा जाजमाखाली होता, कुणी बघत नव्हतं. गुपचूप फोडायचा, चुरा उचलायचा, जाजम टाकायचं. दुर्बीण स्थिर. हवा सुधारली, म्हणतील. बेचाळीस वर्षांत स्वतःचं काम स्वतः फोडण्याची पाळी आली नव्हती, आणि आली हे फक्त त्याला कळलं असतं. बाईंवरचं बालंटही मग आपोआप जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगताना ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिला.

शनिवारी दुपारी तो छिन्नी, हातोडी आणि एक जुनी चादर पिशवीत भरून निघाला.

"छिन्नी घेऊन कुठे?" बायकोने विचारलं. "तारे फोडायला?"

"लेव्हलची पट्टी राहिलीय गच्चीवर."

"मग माझी चादर कशाला?"

तो पिशवी उचलून जिना उतरला. बाईंनाही लेव्हलचंच सांगून किल्ली घेतली.

दुर्बिणीवर चादर घट्ट बांधली, जाजम गुंडाळलं, गुडघे टेकले आणि पहिला घाव घातला. छिन्नी उसळून मनगटाला झोंबली. सांध्यावर पांढरा ठिपका पडला, बस. दुसरा घाव. दुसरा ठिपका. माल त्याने स्वतः कालवला होता, चौदा दिवस पाणी स्वतः मारलं होतं. आयुष्यात जी कामं त्याने फोडली ती दुसऱ्यांची होती. दोन घावांत वाळू हातात यायची आणि तो त्या गवंड्याच्या नावाने हसायचा. इथे हसायला जागा नव्हती. तासाभरात एक तुकडा निघाला. त्याचा बाक बघून त्याने तो क्षणभर हातात धरला आणि बाजूला ठेवला. राग आणि अभिमान दोन्ही एकदम आले, आणि दोन्हीही घावात कामाला आले.

एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. खांब कॉलमवर होता आणि कॉलम वाचनालयाच्या मधोमध होता. वर घाव पडला की खाली वाचकांची टेबलं वाजायची.

कड मोकळी झाल्यावर पुढचे तुकडे लवकर सुटू लागले. चौथ्या तुकड्याला गच्चीचं दार उघडलं. बाई उभ्या होत्या.

"लेव्हल सापडली का, मिस्त्री?"

त्याने हातोडी खाली ठेवली. गुडघ्यांवरच बसून राहिला. "बाई, फट मी भरली होती."

बाईंनी खाली वाकून बघितलं. सांध्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ. "मोकळी ठेवा असं मी लिहिलं होतं."

"वाचलं होतं."

"दोन रेघा होत्या."

"दोन्ही वाचल्या."

बाईंना राग आला होता. स्क्रू तीनतीनदा तपासून त्यांनी फुकट बोलणी खाल्ली होती. पण त्यांचं बोट अजून सांध्यावरच होतं. "काम मात्र..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग सरळ झाल्या. "उद्या सभेत हे तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

"बरं. आणि पाचपर्यंत संपवा. खाली एक गृहस्थ म्हणतायत भूकंप झाला."

पाचला संपलं नाही, साडेसहाला संपलं. कडा दातरलेल्या, वेड्यावाकड्या. कुठे दोन बोटं, कुठे तीन. एवढं घाण काम त्याने शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. दिवेलागणीला बाईंनी गुरू लावला आणि तो मुद्दाम पाय आपटत गच्चीभर फिरला. "हलला?" "नाही." "आता?" "नाही हो."

रविवारी सभेला सगळे वेळेवर आले, कारण औषधवाल्यांचं नवीन पार्सल आलं होतं. कंपन शोषून घेणारे तीन रबरी पॅड. बिस्किटांएवढे. आल्या आल्या त्यांनी खांबाच्या माथ्यावरच्या लोखंडी ताटलीखाली ते बसवले आणि अंधार पडताच गुरूवर दुर्बीण रोखली. अध्यक्षांनी डोळा लावला. औषधवाले चालून दाखवू लागले.

"स्थिर!" अध्यक्ष ओरडले. "अहो, खिळ्याने ठोकल्यासारखा!"

टाळ्या. पॅडचे फोटो. मेव्हण्याच्या दुर्बिणीवाल्याने विचारलं, असे अजून मिळतील का, घरच्या वॉशिंग मशीनला लावतो. अध्यक्षांनी वही उघडली. "लिहा. जोडणीतला दोष खजिनदारांच्या पॅडमुळे दूर झाला."

बाई ओळंब्याकडे बघत होत्या.

ओळंबा रात्रभर वाक्य जुळवून आला होता. चूक झाली, क्षमा असावी, असं काहीतरी. पण आता त्याला ते वाक्य आठवेना. त्याला दिसत होते ते तीन पॅड. बिस्किटांएवढे. आणि हाताला आलेले पाच फोड. आपली चूक झाकली जातेय हे एकवेळ माणूस सोसेल. पण पाच तासांची हातोडी, आणि मान रबराला?

"थांबा," तो म्हणाला. "लिहू नका."

तो उठला, जाजम धरलं आणि एका झटक्यात ओढलं. कुणाचा तरी चहा सांडला.

"अरेरे!" अध्यक्ष म्हणाले. "हे कुणी फोडलं? किती ओबडधोबड काम!"

"मी."

"तुम्ही? आणि ते आधीचं? ते सुंदर..."

"तेही मीच. तेच चुकलं होतं. बाईंनी फट ठेवायला सांगितली होती, मी भरली. म्हणून हलत होतं. काल फोडली, म्हणून थांबलं. बाईंचा एकही स्क्रू ढिला नव्हता. पॅडचा काही संबंध नाही."

औषधवाले म्हणाले, "पण पॅड लावल्यावरच तर..."

"काढा की."

"आत्ता तर बसवलेत!"

"काढा. मग सर उडी मारतील."

"मी?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्याएवढं वजन इथे कुणाचं आहे?"

औषधवाल्यांनी दुःखाने पॅड काढले. डोळा बाईंनी लावला. अध्यक्षांनी चष्मा खिशात ठेवला, धोतर सावरावं तशी पँट वर ओढली आणि उडी मारली. गच्ची हादरली, बशा वाजल्या, खाली कुठेतरी खिडकी उघडली.

"सर, अजून एकदा," बाई म्हणाल्या.

दुसरी उडी.

"चारही चंद्र जागेवर आहेत," बाई म्हणाल्या. "तिसरी नको. गरज नाहीये." पण त्या हसत होत्या, आणि सहा रविवारांत पहिल्यांदाच.

वहीत काय लिहायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी अध्यक्षांनी लिहिलं, "खांबाच्या बांधकामातील दोष गवंड्याने दूर केला." ओळंब्याने ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि 'गवंड्याने' या शब्दाआधी 'त्याच' हा शब्द घातला. अक्षर वाकडं होतं. दुर्बीण बाईंकडेच राहिली. औषधवाल्यांनी पॅड पेटीत भरले आणि म्हणाले, फटीत काही पडू नये म्हणून एक गोल जाळी मिळते, परवाच वाचलं.

"जाळी लावाल तर ती खांबाला टेकेल," बाई आणि ओळंबा एकदमच म्हणाले.

त्यानंतर महिनाभर ओळंबा रोज दुपारी गच्चीवर जात होता. कानस, घासायचा दगड आणि दोन बोटं जाडीचा, स्वतः तासलेला एक लाकडी ठोकळा. दातरलेली कड बारीक घासायची, ठोकळा फटीतून फिरवायचा, अडला की परत घासायचं. महिन्याने ठोकळा एका टोकापासून फिरून परत तिथेच आला, कुठे अडला नाही, कुठे सैल पडला नाही. मग त्याने बायकोला पुन्हा गच्चीवर नेलं.

तिने खांब बघितला. खाली वाकून फट बघितली. "यात काही नाहीये."

"हो."

"सारखी मात्र आहे. सगळीकडून."

"मग?" तो म्हणाला. वाकून त्याने तारेच्या आकड्याने फटीतून औषधवाल्यांच्या आयपीसचं झाकण बाहेर काढलं, फुंकर मारली आणि खिशात टाकलं. त्या आठवड्यातलं तिसरं होतं.